अपुऱ्या दिवसांचं बाळ, आईची छाती आणि जंतू : कांगारू केअर नीट कशी द्यायची

"बाळ काचेत ठेवलंय, हात लावू नका, इन्फेक्शन होईल." नागपूरच्या मेडिकल, मेयो किंवा डागा रुग्णालयाच्या व्हरांड्यात सतरंजी टाकून बसलेल्या नातेवाइकांकडून हे हमखास ऐकू येतं. त्यातली काळजी खरी आहे. न धुतलेल्या हाताने बाळाला शिवू नये, हेही खरं. पण त्याच भीतीपोटी आईलाच बाळापासून लांब ठेवलं, तर जंतूंना अडवणारी सगळ्यात मोठी आडकाठी आपणच काढून टाकतो. धुतलेले हात, आईची उघडी छाती आणि आईचं दूध या तिन्हींचा वापर एकत्र कसा करायचा, ते इथे पायरी पायरीने दिलं आहे. बाळाला आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवायची ही पद्धत म्हणजे कांगारू केअर.

३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेलं बाळ अपुऱ्या दिवसांचं, आणि २५०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाचं बाळ कमी वजनाचं. "सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही" ही आपल्याकडची समजूत मनातून काढून टाका. पोटात काढलेला प्रत्येक आठवडा बाळाला बळ देतो, म्हणून आठव्या महिन्यातलं बाळ सातव्यातल्यापेक्षा भक्कमच असतं.

जंतू लागतात कुठून

आईच्या रक्तातली रोगप्रतिकारक द्रव्यं वारेतून बाळाकडे जातात ती मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत. तिसाव्या आठवड्यात आलेल्या बाळाच्या वाट्याला त्यातलं फार थोडं येतं. त्याची कातडीही इतकी कोवळी असते की चिकटपट्टी ओढून काढली तर वरचा पापुद्रा सोबत निघतो, आणि तेवढी उघडी जागा जंतूंना पुरते.

जन्मानंतर काही दिवसांत प्रत्येक बाळाच्या अंगावर आणि आतड्यात जंतूंची वस्ती होतेच. ती टाळता येत नाही. ते जंतू कोणाचे, एवढंच आपल्या हातात असतं. बाळ आईपासून दूर राहिलं तर त्याच्या अंगावर वॉर्डातले जंतू बसतात. आपल्याकडच्या नवजात कक्षांत क्लेब्सिएल्ला आणि ॲसिनेटोबॅक्टर जास्त आढळतात, आणि त्यांतल्या अनेकांवर नेहमीची प्रतिजैविकं चालत नाहीत. बाळ आईच्या छातीवर राहिलं तर आईच्या कातडीवरचे साधे जंतू आधी जागा धरतात, आणि त्यांच्याशी लढणारी द्रव्यं आईच्या दुधातून बाळाला मिळत राहतात. शिवाय बाळ गार पडत नाही. गारठलेल्या बाळाची सगळी शक्ती ऊब राखण्यात खर्च होते, मग जंतूंशी लढायला काही उरत नाही.

ही पद्धत सुरू झाली तीच अडचणीतून. १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात डॉ. एडगर रे यांच्या रुग्णालयात बाळाला ऊब देणाऱ्या काचेच्या पेट्या अपुऱ्या होत्या, एकाच पेटीत अनेक बाळं ठेवावी लागत आणि एकाचा संसर्ग दुसऱ्याला होई. मग त्यांनी बाळं आईच्या छातीवरच बांधायला सुरुवात केली. पुढे भारत आणि आफ्रिकेतल्या चार देशांत मिळून झालेला मोठा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १ ते १.८ किलोच्या आतल्या बाळांना, प्रकृती स्थिर होण्याची वाट न पाहता, जन्मल्याबरोबर कांगारू केअर दिली होती. पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले आणि सेप्सिसचं, म्हणजे रक्तात पसरलेल्या जंतुसंसर्गाचं प्रमाणही घटलं. त्यानंतर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केली की जन्मानंतर शक्य तितक्या लवकर सुरू करा आणि दिवसाला ८ ते २४ तास द्या. ज्या बाळाला स्वतःहून श्वास घेता येत नाही, व्हेंटिलेटर लागतो किंवा जे शॉकमध्ये आहे (रक्ताभिसरण कोसळलं आहे), त्याच्यासाठी मात्र थांबायचं. सलाईन, नाकातली दुधाची नळी किंवा ऑक्सिजन चालू आहे एवढ्यावरून नाही म्हणायचं कारण नाही. अशा वेळी बाळ उचलायचं काम सिस्टरचं. नळ्या आईच्या खांद्यावर चिकटपट्टीने अडकवतात, म्हणजे ओढल्या जात नाहीत.

आधी हात

अंगठी, घड्याळ, मनगटातला गंडा-दोरा आणि बांगड्या काढा. काचेच्या बांगड्यांखाली मनगट कधीच नीट धुतलं जात नाही, शिवाय बांगडी फुटली तर बाळाच्या अंगावर काच. नखं कापलेली हवीत, नेलपॉलिश नको. वॉर्डात शिरताना पहिल्यांदा कोपरापर्यंत पूर्ण २ मिनिटं साबण-पाण्याने धुवायचं. त्यानंतर दर वेळी ४० ते ६० सेकंद. क्रम ठरलेला ठेवा: तळहात, हाताची मागची बाजू, बोटांच्या बेचक्या, वळलेली बोटं, अंगठे, नखांची टोकं आणि शेवटी मनगट. घाईत बहुतेकांचे अंगठे आणि नखांची टोकं राहून जातात.

हात धुतल्यावर दोन गोष्टी हटकून चुकतात. पहिली, हात पदराला किंवा ओढणीला पुसले जातात. तो पदर सकाळपासून व्हरांड्यातल्या जमिनीला, रिक्षाच्या सीटला आणि डब्याला लागलेला असतो, त्यामुळे धुतलेला हात त्याच क्षणी मळतो. हात हवेत वाळू द्या किंवा धुतलेल्या स्वतंत्र फडक्याला पुसा. दुसरी चूक मोबाइलची. बाळ छातीवर आहे आणि घरून फोन आला, की धुतलेल्या हाताने फोन उचलला जातो आणि तोच हात बाळाच्या तोंडाशी जातो. फोन बाहेरच्या नातेवाइकाकडे द्या. जवळ ठेवणं भागच असेल, तर प्रत्येक वेळी हाताळल्यावर हँडरब (अल्कोहोलचं हात चोळायचं द्रावण) चोळा, २० ते ३० सेकंद, हात आपोआप कोरडे होईपर्यंत. हात दिसायला मळलेले असतील किंवा लंगोट बदलला असेल तर हँडरब पुरत नाही, साबण-पाणीच हवं.

आईने रोज साध्या साबणाने आंघोळ करावी. दर वेळी छाती डेटॉलने धुवायची गरज नाही, त्याने कातडी कोरडी पडून भेगा जातात. पावडर, अत्तर, बाम यातलं काहीच छातीला नको. मे महिन्यात घाम येणारच, तो ओल्या स्वच्छ सुती फडक्याने टिपा. लांब मंगळसूत्राचे मणी बाळाच्या गालाला रुततात आणि मण्यांच्या खाचांत मळ साचतो. काढायला मन धजत नसेल तर ते पाठीवर घ्या आणि वरून फडकं बांधा.

बाळ कसं ठेवायचं

आईला समोरून उघडणारा सैल गाऊन किंवा ब्लाउज, आतली ब्रा काढलेली. बाळाला टोपडं, मोजे आणि लंगोट, बाकी उघडं. खोलीचं तापमान २२ अंशांखाली असेल तर समोरून उघडं, बिनबाह्यांचं झबलं घाला. झबल्याचे पुढचे दोन्ही भाग बाजूला करायचे, म्हणजे छातीला छाती लागते. मध्ये कापड आलं की निम्मा उपयोग गेला.

१. आईने पलंगावर किंवा आरामखुर्चीत रेलून बसायचं. पाठीला उशा अशा लावा की शरीर साधारण १५ ते ३० अंश वर उचललेलं राहील. आडवं, सपाट झोपायचं नाही.

२. एक हात बाळाच्या मानेमागे आणि डोक्याखाली, दुसरा कुल्ल्यांखाली. मान एक क्षणही लोंबकळता कामा नये. बाळाला उभं धरून दोन्ही स्तनांच्या मधोमध ठेवा.

३. डोकं एका बाजूला वळवून किंचित वर करा. हनुवटी छातीत रुतली तर श्वासाची वाट बंद होते आणि मान फार मागे गेली तरी होते. दर थोड्या वेळाने मान वाकवून बघा, नाक आणि तोंड मोकळं दिसायला हवं.

४. हात-पाय बेडकासारखे दुमडलेले, पोट आईच्या पोटाच्या वरच्या भागाशी.

५. साधारण मीटरभर लांब-रुंद मऊ सुती कापड तिरपं दुमडून बाळाभोवती घ्या आणि आईच्या काखेखाली पक्की गाठ मारा. जुन्या धुतलेल्या साडीचा तुकडा उत्तम. कापडाची वरची कड बाळाच्या कानाच्या जरा खाली यायला हवी. छातीवर घट्ट, पोटावर सैल, कारण अपुऱ्या दिवसांचं बाळ पोटाने श्वास घेतं. गाठ सैल राहिली तर आईचा डोळा लागताच बाळ खाली घसरतं आणि मान दुमडते. सगळ्यात घातक चूक हीच.

एकदा घेतलं की किमान एक तास. दहा-पंधरा मिनिटांसाठी उचलून परत ठेवण्याने बाळ उलट थकतं. तास जमतील तसे वाढवत न्या. आईला जेवायचं, आंघोळ करायची, झोपायचं असतं, म्हणून बाबा, आजी, मावशी यांनी पाळ्या लावाव्यात. बाबांच्या छातीवरचे केस आड येत नाहीत, ऊब तितकीच मिळते. ज्याला ताप, जुलाब, खोकला, कातडीवर खरूज किंवा पुरळ आहे त्याने पाळी घेऊ नये. आईलाच साधी सर्दी असेल तर मास्क लावून, हात धुऊन द्यायला हरकत नाही. आईला टीबी किंवा कांजिण्या असतील तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

आता खर्रा. नागपुरात हा विषय टाळून चालत नाही. पन्नीत घोटलेला खर्रा बोटाने तोंडात जातो, चुना-तंबाखू नखांत राहते आणि थुंकीचा अंश हाताला लागतोच. पाळी असलेल्या दिवशी बाबांनी खर्रा, बिडी, सिगारेट यातलं काहीच घेऊ नये. बाहेर कुणी धूर केला असेल तरी शर्ट बदलून, चूळ भरून, कोपरापर्यंत हात धुऊनच बाळाला घ्यावं. एवढ्याशा या जिवाला धुराचा वासही जड जातो.

दूध

आईचं पहिलं पिवळसर चीक दूध थेंबभर का असेना, बाळाच्या तोंडात गेलंच पाहिजे. "चीक जड पडतो, पिळून टाका" हा सल्ला ऐकू नका. बाळ ओढत नसलं तरी जन्मानंतर पहिल्या काही तासांतच दूध हाताने काढायला सुरुवात करा आणि २४ तासांत किमान ८ वेळा काढा, रात्रीही. अंगठा आणि तर्जनी बोंडापासून ३-४ सेंटिमीटर मागे ठेवा, आधी छातीकडे दाबा, मग एकमेकांकडे. बोंड ओढून दूध येत नाही, जखम मात्र होते.

३२ आठवड्यांच्या आतल्या बाळाला बहुधा नळीने, ३२ ते ३४ आठवड्यांच्या बाळाला वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने (चोचीच्या छोट्या वाटीने) आणि त्यापुढे हळूहळू अंगावर, असा साधारण क्रम असतो. बोंडलं बाळाच्या ओठाशी टेकवायचं आणि बाळ जिभेने ओढेल तेवढंच द्यायचं. घशात ओतलं की ठसका लागून दूध फुफ्फुसात जातं. बाटली मुळीच नको, निपलच्या आतल्या खाचा घरी नीट स्वच्छ होत नाहीत. वाटी, चमचा, बोंडलं आधी साबणाने घासा, मग पाण्यात पूर्ण बुडवून १० मिनिटं उकळा आणि झाकून ठेवा.

काढलेलं दूध बाहेर ४ तास टिकतं असं सांगतात, पण ते २५ अंशांच्या आसपासच्या खोलीत. एप्रिल-मेमध्ये खोलीतच ३५-३८ अंश असतात, म्हणून दूध काढल्याबरोबर झाकणाच्या स्टीलच्या डब्यात घालून फ्रिजमध्ये आतल्या कप्प्यात ठेवा, दारात नको. डब्यावर वेळ लिहा आणि २४ तासांत वापरा. देताना डबा कोमट पाण्यात धरून ठेवा. गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नका. वाटीत उरलेलं पुढच्या वेळेसाठी ठेवू नका. पावडरचं दूध डब्यातून निघतानाही पूर्णपणे निर्जंतुक नसतं, म्हणून डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय देऊ नका.

घरी आल्यावर

बाळ दूध नीट पिऊ लागलं, ओळीने तीन दिवस वजन वाढलं, पेटीबाहेर ऊब टिकू लागली आणि आईला आत्मविश्वास आला, की सुट्टी मिळते. वजन रोज किलोमागे साधारण १५-२० ग्रॅम वाढायला हवं. पहिल्या आठवडा-दहा दिवसांत ते थोडं उतरतं, ते अपेक्षितच आहे.

उन्हाळ्यात नागपूरचं घर कूलरशिवाय चालत नाही. कूलर बाळाच्या खोलीत चालेल, पण झोत थेट अंगावर नको. टाकीतलं शिळं पाणी दर दोन-तीन दिवसांनी पूर्ण काढा आणि आठवड्यातून एकदा टाकी घासून वाळवा. वाळ्याच्या ताट्यांना कुबट वास येऊ लागला की बदला. ओल्या, चिकट टाकीत जंतूही वाढतात आणि डेंग्यूचे डासही. खोली फार तापली असेल तर टोपडं-मोजे काढून बाळाला नुसतं छातीशी धरा. डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली उतरतो, तेव्हा टोपडं, मोजे, झबलं आणि वरून शाल. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी ठेवून दार-खिडक्या बंद करणं मात्र थांबवा. कोळशाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, वासाने कळतही नाही, आणि त्याने आई-बाळ दोघंही गुदमरू शकतात. छातीच्या उबेइतकी चांगली शेगडी नाही.

ऊब रोज मोजा. डिजिटल थर्मामीटर काखेत, हात अंगाला धरून, बीप होईपर्यंत. ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस, म्हणजे ९७.७ ते ९९.५ फॅरनहाइट, ठीक. हाताच्या मागच्या बाजूने पोट आणि तळपाय तपासायची सवयही ठेवा: दोन्ही कोमट तर बरं, पोट कोमट पण पाय गार तर बाळ गारठू लागलं आहे, दोन्ही गार तर ताबडतोब छातीशी घेऊन दवाखाना. उन्हाळ्यात ३७.५ च्या वर आकडा दिसला तर पांघरूण काढा, खोली थंड करा आणि अर्ध्या तासाने पुन्हा मोजा. तरीही उतरला नाही तर तो उकाडा नसून आजार समजायचा.

नाळ कोरडी ठेवा. हळद, तेल, राख, शेंदूर काहीही नको, आणि लंगोट नाळेच्या खाली बांधा. २००० ग्रॅम होईपर्यंत आंघोळ नको, कोमट ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडं करा. जोरजोरात मालिश, कानात-नाकात तेल, काजळ, घुटी, मध, ग्राइपवॉटर हे सगळं बंद. मधात बोटुलिझमचे बीजाणू असू शकतात, घुटी उगाळायची सहाण निर्जंतुक नसते. आजीच्या मायेला नकार द्यायचा नाही, तिच्या हातात बाळाची पाळी द्या.

कपडे वेगळे धुऊन, साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळून कडक उन्हात तारेवर वाळवा. पाचवी घरच्यांपुरती ठेवा. बारसं दोन महिने पुढे गेलं तर काही बिघडत नाही. येणाऱ्याने मुका घ्यायचा नाही आणि शाळेतून सर्दी घेऊन आलेल्या भावंडाने लांबूनच बघायचं.

धोका कसा ओळखायचा

अपुऱ्या दिवसांच्या बाळाला जंतुसंसर्ग झाला की ताप येईलच असं नाही. बरेचदा ते गार पडतं. सगळ्यात आधी बदलतं ते दूध पिणं. काल बोंडलंभर पिणारं बाळ आज दोन घोटांत थांबलं, मलूल झालं, हालचाल कमी झाली, तर उद्याची वाट पाहू नका. मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास (पूर्ण मिनिट मोजा, शंका आली तर पुन्हा मोजा), छाती आत ओढली जाणं, कण्हणं, झटके, ३५.५ अंशांखाली तापमान, बेंबीभोवती लाली किंवा पू, पोट फुगणं, हिरवी उलटी, शौचात रक्त, तळहात-तळपायांपर्यंत कावीळ, यातलं एकही दिसलं तर थेट रुग्णालय. श्वास थांबल्यासारखा वाटला तर पाठ हलकेच चोळा किंवा तळव्यावर टिचकी मारा. पुन्हा घेतला तरी दवाखान्यात जायचंच.

१०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत आणि गाडीतही बाळ छातीशीच बांधलेलं ठेवा, पिणारं असेल तर वाटेत दूध द्या. दुपट्यात गुंडाळून मांडीवर नेलेलं बाळ हिवाळ्यात काटोल किंवा उमरेडहून नागपूरला येईपर्यंत बर्फासारखं गार झालेलं असतं.

आशाताई ४२ दिवसांपर्यंत ठरलेल्या दिवशी घरी येते. ती वजन करते, तापमान बघते, श्वास मोजते. घरी येऊन बाळ तपासायची ही पद्धत विदर्भातल्याच कामातून उभी राहिली आहे. १९९० च्या दशकात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीच्या ३९ गावांत गावातल्याच बायकांना बाळाची ऊब राखणं, संसर्ग ओळखणं आणि त्यावर उपचार करणं शिकवलं आणि तिथले नवजात मृत्यू निम्म्याहून खाली आले. आशाताईला दारातून परत पाठवू नका, बाळ आईच्या छातीवर असेल तर तसंच तपासू द्या.

३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळाची डोळ्याच्या पडद्याची तपासणी जन्मापासून ३० दिवसांच्या आत झालीच पाहिजे, फारच लहान बाळाची दोन-तीन आठवड्यांतच. पडद्याचा आजार बाहेरून दिसत नाही आणि उशीर झाला तर नजर जाऊ शकते. सुट्टीच्या कागदावर ती तारीख लिहून घ्या. लसी जन्मतारखेप्रमाणेच द्यायच्या, महिने कमी भरले म्हणून पुढे ढकलायच्या नाहीत.

घरीही कांगारू केअर चालू ठेवा, घरातली कामं करतानाही बाळ बांधून ठेवता येतं, फक्त चुलीपासून आणि गरम तव्यापासून लांब. साधारण २५०० ग्रॅम वजन झालं किंवा मूळ बाळंतपणाची तारीख उलटली, की बाळ आपणहून वळवळू लागतं, हात-पाय बाहेर काढतं, बांधलं की रडतं. मग सोडवून घ्यायला हरकत नाही.